फुकटचें कोडें

फुकट या शब्दाविषयीं आमच्या मनांत लहानपणापासून एक प्रकारचा आदर वसत आला आहे, हें आरंभींच कबूल करून टाकलेलें बरें. भाजी घेतांना वर कोथिंबिरीच्या चार काड्या मिळाल्या नाहींत, तर ती भाजी आम्हांस रुचत नाहीं. दिनदर्शिका विकतही घ्यावी लागते, ही गोष्ट वयाची तिशी उलटल्यावर आमच्या लक्षांत आली. तोंपर्यंत वाण्यानें दिलेली आम्हांस पुरत असे. असा मनुष्य सुडोकूच्या कोड्यांसाठीं दरमहा पैसे मोजूं लागला, हीच मुळीं नवलाची गोष्ट होती. ते पैसे वांचविण्याच्या खटपटींत त्याची जी फजिती झाली, ती या अंकाच्या वाचकांस, आणि विशेषतः जे विद्यार्थी गणिताच्या तासाला आमच्यापुढें बसतात त्यांस, सांगावी असें मनांत आलें.

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुट्टींत आम्ही आईस घेऊन आगगाडीनें धाकट्या भावाकडे निघालों होतों. गाडी दोन तास उशिरा होती. फलाटावरील पुस्तकांच्या दुकानांतून आम्हीं सुडोकूचें एक पुस्तक १२० रुपयांस घेतलें. त्यांत १०० कोडीं होतीं. पुस्तक घेतलें तें स्वतःसाठीं; पण गाडींत बसल्यावर तिसऱ्याच कोड्याशीं आमचा डोळा लागला, आणि जागे होऊन पाहतों तों पुस्तक आईच्या हातीं.

आमची आई ७८ वर्षांची. शाळा सातवीपर्यंत झालेली. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूंची शस्त्रक्रिया झालेली. तिनें विचारलें, “यांत बेरीज कुठें करायची?”

आम्हीं सांगितलें, “बेरीज नाहीं नि वजाबाकीही नाहीं. नऊ घरांची आडवी ओळ, नऊ घरांची उभी ओळ, आणि नऊ घरांची ही लहान चौकट. प्रत्येकींत १ ते ९ हे आकडे एकेकदांच आले पाहिजेत.”

क्षणभर विचार करून ती म्हणाली, “म्हणजे पंगत बसवायची. एका पंगतीला एका नांवाचीं दोन माणसें नकोत.”

अनेक वर्षें शिकविण्याचा धंदा करून आम्हांस याहून थोडक्यांत सांगतां आलें नसतें. पुष्कळ पालक आम्हांस विचारतात कीं, सुडोकूनें मुलाचें गणित सुधारेल काय. त्यांस आमचें सांगणें हेंच, कीं यांत गणिताचा पाढा एकही नाहीं. आकड्यांच्या जागीं क, ख, ग लिहिले तरी कोडें तसेंच्या तसें राहतें. लागते ती फक्त चिकाटी, आणि ‘हें येथें कां बसत नाहीं’ असें स्वतःस विचारण्याची संवय. या दोन्ही गोष्टी आमच्या आईपाशीं पूर्वींपासूनच भरपूर होत्या.

त्या प्रवासानंतर तिचा नेम बसला. सकाळचें काम आटोपल्यावर एक, दुपारीं एक, आणि दिवेलागणीनंतर एक. महिन्याकांठीं पुस्तक संपे व नवें आणावें लागे. वर्षाचे १४४० रुपये झाले. आईच्या आनंदापुढें ही रक्कम कांहींच नव्हे, हें आम्हांस त्या वेळींही कळत होतें; परंतु हीं कोडीं इंटरनेटवर फुकट मिळतात व तीं कागदावर छापून घेतां येतात, असें आमच्या एका सहकाऱ्यानें सांगितल्यापासून ते १४४० रुपये आम्हांस स्वस्थ बसूं देईनात.

शोधास बसलों. ‘फुकट सुडोकू’ एवढेच शब्द लिहिले, तों संगणकाच्या पडद्यावर यादीमागून यादी येऊं लागली. या फुकटाच्याही जाती आहेत. कोणी आधीं आपलें नांव, पत्ता व दूरध्वनीचा क्रमांक मागतो आणि मग कोडें दाखवितो. कोणी पहिले सात दिवस फुकट म्हणतो, पण आठव्या दिवसाचे पैसे कोठून घ्यावयाचे तें आजच लिहून घेतो. एके ठिकाणीं तर ‘येथें दाबा’ असें सांगणारीं हिरवीं बटणें इतकीं होतीं, कीं कोडें कोणत्या बटणामागें आहे हेंच एक कोडें होऊन बसलें; आम्हीं एक दाबलें व चपलांच्या दुकानांत जाऊन पडलों. मात्र कांहीं ठिकाणें खरोखरच सज्जनांचीं आढळलीं. तेथें कांहीं विचारीत नाहींत. कोडें सोपें कीं अवघड तें वर लिहिलेलें असतें. पान छापावयाच्या कागदाच्या मापाचें असतें. आणि उत्तरें दुसऱ्या पानावर असतात, म्हणजे नजर चुकून त्यांवर जात नाहीं. मुलांनीं एवढें लक्षांत ठेवावें, कीं एका कोड्यासाठीं घरचा दूरध्वनी-क्रमांक देणें हा कांहीं फुकटचा सौदा नव्हे.

पहिल्या दिवशीं आम्हीं वीस कोडीं निवडलीं व मोठ्या ऐटींत कोपऱ्यावरील झेरॉक्सच्या दुकानीं गेलों. एका पानावर एक कोडें, अक्षर टपोरें, आईच्या डोळ्यांस त्रास नको. दुकानदारानें वीस पानें छापून दिलीं व १०० रुपये मागितले. एका पानास ५ रुपये. पैसे देऊन रस्त्यावर आलों तेव्हां आमच्यांतला गणिताचा शिक्षक जागा झाला. विकतच्या पुस्तकांतील कोडें १ रुपया २० पैशांस पडत होतें. फुकटचें कोडें ५ रुपयांस पडलें.

ही गोष्ट आम्हीं घरीं सांगितली नाहीं. दुसऱ्या खेपेस एका पानावर चार कोडीं बसविलीं. आतां एकेक सव्वा रुपयास पडूं लागलें, म्हणजे पुस्तकाहून पांच पैसे महाग, आणि आकडे पुस्तकांतल्याइतकेच बारीक. मग पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन गेलों. दुकानदार म्हणाला, “सर, असल्या कागदानें मशीन अडकतं.” अखेरीस माळ्यावरचें आमचें जुनें छपाईचें यंत्र खालीं काढलें, त्याची शाई वाळून गेली होती, व नव्या शाईची किंमत ऐकून तें पुन्हां माळ्यावर ठेवलें. शाळेच्या यंत्रावर मुकाट्यानें छापून घ्यावें, असा विचार मनांत आला नाहीं असें नाहीं. आमच्या एका मित्रानें तर त्याच्याजवळचें अख्खें पुस्तक झेरॉक्स करून घे म्हणून देऊं केलें. तें आम्हीं घरीं आणलेंही होतें. आईनें पहिलें पान उलटून किंमत वाचली, व “हें त्या पुस्तकवाल्याला विचारलंस का?” एवढेंच म्हटलें. पुस्तक दुसऱ्या दिवशीं परत गेलें. कोणी आपण होऊन दिलेलें फुकट निराळें आणि आपण परभारें उचललेलें फुकट निराळें, हा भेद वर्गांत सांगणें सोपें असतें. हातांत १०० कोड्यांचें पुस्तक असतांना तो जरा पुसट होतो.

आणि गंमत ही, कीं हें कोडें जगभर पसरलें तें कोणीतरी आपण होऊन फुकट दिल्यामुळेंच. अमेरिकेंतील हॉवर्ड गार्न्स नांवाच्या निवृत्त वास्तुशिल्पज्ञांचें हें कोडें १९७९ सालीं डेल या प्रकाशनसंस्थेच्या कोड्यांच्या मासिकांत ‘नंबर प्लेस’ या नांवानें प्रथम आलें. त्यांचें नांव कोड्याखालीं छापलेलें नव्हतें. १९८४ सालीं निकोली या जपानी कोडेकारांच्या मंडळीनें तें उचललें, आणि त्यांतील माकी काजी यांनीं त्याचें बारसें केलें. सुडोकू हा एका लांबलचक जपानी वाक्याचा संक्षेप आहे. त्या वाक्याचा अर्थ असा, कीं आकडे अविवाहितच असले पाहिजेत! पुढें हाँगकाँग येथील न्यायाधीशपदावरून निवृत्त झालेले वेन गूल्ड हे न्यूझीलंडचे गृहस्थ १९९७ सालीं टोकियोंतील एका पुस्तकांच्या दुकानांत शिरले असतां त्यांच्या हातीं हें कोडें पडलें. अशीं कोडीं रचणारा संगणकाचा कार्यक्रम तयार करण्यांत त्यांनीं सुमारें सहा वर्षें घालविलीं, आणि मग तीं कोडीं त्यांनीं वर्तमानपत्रांस फुकट देऊं केलीं. लंडनच्या ‘टाइम्स’मध्यें १२ नोव्हेंबर २००४ रोजीं पहिलें कोडें आलें, व पाहतां पाहतां इतर पत्रांनींही तोच कित्ता गिरविला. गूल्डसाहेबांचें हें दान अगदींच निष्काम होतें असें नाहीं. कोड्यासोबत त्यांच्या विकाऊ कार्यक्रमाचें नांव छापलें जाई. पण त्यांनीं दिलें तें सहा वर्षें घांसून पुसून दिलें. गार्न्स १९८९ सालींच वारले. आपल्या कोड्याची ही कीर्ति त्यांनीं पाहिली नाहीं.

हें ‘घांसून पुसून’ म्हणजे काय, तें आम्हांस पुढच्या पावसाळ्यांत कळलें.

तोंवर आम्ही झेरॉक्सच्या दुकानाशीं तह करून मोकळे झालों होतों. एका पानावर दोन कोडीं छापावयाचीं, अक्षर मोठें, एकेक अडीच रुपयांस. पुस्तकाच्या दुप्पट दर द्यावा लागे, पण आईच्या डोळ्यांचें कारण सांगतां येई, आणि आपण ‘फुकट’ मिळविलें हें समाधानही राही. कोडीं वेगवेगळ्या ठिकाणांहून घेत होतों. जेथें मिळालें तेथें घेतलें. एका संध्याकाळीं शाळेंतून परतलों तों आईची पेन्सिल चष्म्याच्या घरांत ठेवलेली दिसली. दुसऱ्या दिवशींही ती तेथेंच. आम्हांस वाटलें, कंटाळा आला असेल. तिसऱ्या दिवशीं तिनें आज तारीख काय म्हणून दोनदां विचारलें. त्या रात्रीं गॅस बंद केला कीं नाहीं, हें पाहण्यास ती तीन वेळां उठली.

आमच्या मावशीस शेवटचीं तीन वर्षें कोणाचीच ओळख राहिली नव्हती. आईनेंच तिची शुश्रूषा केली होती. त्या दिवसांविषयीं आई कधीं बोलत नाहीं.

पांचव्या दिवशीं आम्हीं विचारलें, “कोडीं संपलीं का? आणूं?”

“नको,” ती म्हणाली. “माझं डोकं आतां चालत नाहीं. ताईचंही असंच सुरू झालं होतं.”

वाचकहो, आमच्या पांच पैशांच्या हिशोबांत ही रक्कम कोठें मांडावयाची, हें आम्हांस सुचेना. डॉक्टरांकडे जाण्याचें ठरलें. रात्रीं रद्दीच्या ढिगांत तिचें तें शेवटचें पान आम्हांस सांपडलें. सत्याहत्तर घरें स्वच्छ भरलेलीं; आणि मधल्या पट्ट्यांतील चार घरें इतक्या वेळां खोडलेलीं, कीं तेथें कागदाला भोक पडलें होतें. आम्ही नव्या कागदावर तेंच कोडें मांडून बसलों. दोनअडीच तासांनीं आमचींही तींच चार घरें रिकामीं राहिलीं. दोन आडव्या ओळी, दोन उभ्या ओळी, दोन लहान चौकटी, आणि उरलेले आकडे फक्त दोन: ४ व ९. पहिल्या घरांत ४ घातला तर बाकीचीं तीन बिनचूक बसत. ९ घातला तरीही बिनचूक बसत. एकाला खोटें ठरविणारा एकही आकडा साऱ्या कोड्यांत नव्हता. कोड्यास उत्तरें दोन होतीं. आईचें डोकें ठीक चाललें होतें; कोडेंच बिघडलेलें होतें.

असें कां होतें तें विद्यार्थ्यांस सांगतों. कोडीं रचणारें यंत्र आधीं ८१ घरें भरून घेतें व मग एकेक आकडा पुसत जातें. प्रत्येक वेळीं पुसल्यावर थांबून पाहावें लागतें, कीं अजून उत्तर एकच राहिलें आहे ना. हें पाहणेंच खरें कष्टाचें काम. तें टाळलें तर पानें झपाझप निघतात, दिसावयास सारखींच दिसतात, आणि त्यांतलें एखादें असें निघतें. कांहीं खोटीं कोडीं वरूनच ओळखतां येतात. दिलेले आकडे मोजावे. ते १७ पेक्षां कमी असतील तर उत्तर एकच असूं शकत नाहीं, हें डब्लिनचे गॅरी मॅकग्वायर व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ सालीं संगणकाच्या साहाय्यानें दाखवून दिलें. १ ते ९ पैकीं कोणतेही दोन आकडे कोड्यांत मुळींच दिलेले नसतील, तरी तें खोटें. त्या दोघांची अदलाबदल कोण अडविणार? पण आईचें कोडें या दोन्ही कसोट्यांस उतरलें होतें. त्यास सोडवून पाहण्याखेरीज दुसरी परीक्षा नव्हती.

सकाळीं आम्हीं दोन कागद तिच्यापुढें ठेवले. एकावर एक उत्तर, दुसऱ्यावर दुसरें. तिनें चष्मा लावला आणि दोन्ही कागदांवरून बोट फिरवीत आडव्या, उभ्या, लहान चौकटी, साऱ्या तपासल्या. अर्धा तास ती कांहीं बोलली नाहीं.

“म्हणजे चूक माझी नाहीं.”

“नाहीं.”

“मग कोणाची?”

आम्हीं पान उलटसुलट करून पाहिलें. त्यावर कोणाचेंच नांव नव्हतें. १२० रुपयांच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर निदान छापणाऱ्याचें नांव व पत्ता असे. भांडावयाचें झालें तर जागा होती. गार्न्सचें नांव नसलें तरी मासिकाचें नांव होतें. येथें आम्ही सोडून दुसरें कोणी सांपडेना, आणि तें आम्हीं सांगितलें. ती हंसली. डॉक्टरांकडे आम्ही गेलों नाहीं. त्या दुपारीं पेन्सिल चष्म्याच्या घरांतून बाहेर आली.

तेव्हांपासून आम्हीं नियम केला, कीं एकाच सज्जन ठिकाणचीं कोडीं घ्यावयाचीं, आणि तींही रात्रीं आधीं स्वतः सोडवून मगच आईस द्यावयाचीं. यामुळें एकेका कोड्यास आमचा अर्धा तास लागे. हा अर्धा तास धरला तर फुकटच्या कोड्याची किंमत काय झाली, तो हिशोब आम्हीं केलेला नाहीं. ज्या विद्यार्थ्यास वेळ असेल त्यानें करावा. पण ही गोष्ट फार दिवस लपून राहिली नाहीं. एके दिवशीं आमची वही तिच्या दृष्टीस पडली.

“म्हणजे इतके दिवस तूं मला उष्टीं कोडीं वाढत होतास?”

आम्हीं तपासण्याचें महत्त्व सांगूं लागलों. तिनें ऐकून घेतलें नाहीं. बिघडलेलें निघालें तर मीच ओळखीन, आतां मला त्याची खोड कळली, असें म्हणून तिनें तो नियम मोडून टाकला.

मग आम्हीं तिला आणखी एक युक्ति दाखविली, जिला कागद लागत नाहीं, शाई लागत नाहीं, कीं इंटरनेटही लागत नाहीं. एखादें सुटलेलें कोडें घ्यावें. त्यांतील सगळे १ खोडून तेथें ५ लिहावे, ५ च्या जागीं ८, अशी नऊही आकड्यांची नांवें बदलून टाकावीं. तीन ओळींच्या एकाच पट्ट्यांतील ओळींची आपसांत अदलाबदल करावी, सबंध पट्टे खालीं-वर करावे, उभ्यांचेंही तसेंच, पाहिजे तर आडव्याचें उभें करावें. कोडें नवें दिसतें, आणि मूळ कोडें एका उत्तराचें असेल तर हेंही एकाच उत्तराचें राहतें. अशा रीतीनें एकच कोडें १,२१,८९९ कोटींहून अधिक प्रकारांनीं मांडतां येतें. ही संख्या आम्हीं फळ्यावर लिहितों तेव्हां वर्ग आ वासतो. आईनें आ वासला नाहीं. “लुगड्याची घडी बदलली म्हणून लुगडं नवं होत नाहीं,” असें म्हणून तिनें अभिप्राय दिला. खरेंच आहे, जेथें मूळ कोडें अडतें तेथेंच हेंही अडतें. तरी ती युक्ति तिनें दोनदां विचारून नीट समजून घेतली, याचें आम्हांस तेव्हां नवल वाटलें नाहीं.

सध्यां आमच्या घरीं पुन्हां दरमहा १२० रुपयांचें पुस्तक येतें. भावानें एक भिंगाची काच धाडली आहे. तिच्याखालीं बारीक आकडे टपोरे दिसतात. छापलेलीं कोडीं अधूनमधून येतात, सणावारासारखीं.

मागच्या रविवारीं आईनें आमच्यापुढें एक पाटी ठेवली. आमच्या शाळेच्या वेळची, लाकडी चौकटीची, कोठून शोधून काढली कोण जाणे. तीवर वांकड्यातिकड्या रेघा ओढून तिनें सुडोकूचें एक कोडें मांडलें होतें. “तूं मला इतकीं आणून दिलींस,” ती म्हणाली, “एक माझ्याकडून घे. फुकट.” आम्ही आनंदानें सोडवावयास बसलों. आज बुधवार आहे. सत्याहत्तर घरें भरलीं आहेत. अगदीं वरच्या पट्ट्यांतील चार घरें अद्याप रिकामीं आहेत, आणि त्यांत बसवावयाचे आकडे दोनच उरले आहेत, २ व ७. रद्दीच्या ढिगांत आम्हीं तें भोक पडलेलें पान शोधून पाहिलें. तें तेथें नाहीं. काल रात्रीं आईस स्पष्टच विचारलें.

“काढ कीं,” ती म्हणाली, आणि मटाराच्या शेंगा सोलूं लागली.